मागे घेतलेलं तबक

भाईदासला दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, रंजनाला, बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता इथे ठेवून उपयोग नाही. कॅन्सरची गाठ पुन्हा आली होती आणि मानेपर्यंत उतरली होती. जबड्याचा उजवा भाग पहिल्या ऑपरेशनमध्येच काढून टाकला होता. नर्सने नाकातल्या नळीतून खायला कसं द्यायचं ते करून दाखवलं. डोकं उंच ठेवायचं, सिरिंजमध्ये पातळ पेज घ्यायची, घाई करायची नाही, शेवटी साधं पाणी सोडायचं. तोंडातून पाण्याचा थेंबही नको, छातीत जाईल, असं तिने दोनदा बजावलं. जाडंभरडं काही घातलं तर नळी बंद पडेल आणि आता नवी नळी घालायला आत जागा नाही, हेही सांगितलं.

सुरतेत उधन्याच्या चाळीतल्या त्या एका खोलीत रंजनाने खाट खिडकीपाशी ओढली. गालावरच्या जखमेचा वास इतका होता की शेजारच्या बायका दारातूनच विचारपूस करून परत जायच्या. साड्यांना लेस लावायचं काम ती पूर्वी घरी आणायची, ते आता कोणी देईना, कपड्याला वास लागतो म्हणून. समोरच्या खोलीतल्या एकट्या सुभद्राबाई आत येऊन बसायच्या. त्याही पदर नाकाला लावायच्या, पण बसायच्या.

भाईदास साक्रीकडचा. तरणा असताना सुरतेत आला आणि तेव्हापासून कापडाच्या लूमवर उभा राहिला. बारा तासांची पाळी, कान बधिर करणारा खडखडाट, आणि डोळा लागू नये म्हणून गालात सतत तंबाखूचा मावा. त्याच माव्याने गाल खाल्ला. आता जीभ अर्धीच उरली होती. तो बोलायचा ते बाहेरच्याला नुसतं घशातलं घरघरणं वाटायचं. ते फक्त रंजनाला कळत होतं. कोणी भेटायला आलं की तो बोलायचा आणि ती सांगायची.

एक दिवस दुपारी पेज देऊन झाल्यावर तो काहीतरी म्हणाला. तिला 'भोजन' एवढंच ऐकू आलं. ती म्हणाली, आत्ताच तर दिलं, अजून भूक आहे का? त्याने मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, या वेळी पहिला शब्द जोर लावून. तेवढ्याने जखम ओढली गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"प्रभुभोजन?" तिने विचारलं.

त्याने डोळे मिटून हो म्हटलं.

रंजना सिरिंज धुवायला मोरीत गेली आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली. कारण भाईदासने प्रभुभोजन घेणं सोडून कितीतरी वर्षं झाली होती.

त्यांची मंडळी म्हणजे धुळे-नंदुरबारकडून आलेली काही ख्रिस्ती घरं. सकाळी गुजराती मंडळीची उपासना व्हायची आणि दुपारी तीच इमारत यांना मिळायची. भाईदास त्या मंडळीतला एक वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी मेजावरचं पांढरं कापड काढून भाकर मोडायचे. मग भाईदास आणि दुसरे वडील चिंधाभाऊ तबकं घेऊन ओळीओळीने फिरायचे, एकात भाकरीचे तुकडे, दुसऱ्यात द्राक्षरसाचे छोटे पेले. भाईदासला त्या कामाचा अभिमान होता. आदल्या संध्याकाळी शर्टाला इस्त्री करायचा आणि रविवारी सकाळपासून मावा तोंडात घालायचा नाही.

संदीप त्याचा धाकटा भाऊ. रंजना लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. वडील गेल्यावर भाईदास त्याला सुरतेला घेऊन आला. या दोघांना मूल झालं नाही, त्यामुळे संदीपचं खाणंपिणं, शाळा, ताप, सगळं रंजनानेच केलं. मोठा झाल्यावर त्याला सुरतेजवळच हजीऱ्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे काम लागलं आणि तिथे त्याने सरस्वती नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती ख्रिस्ती नव्हती. लग्न तिच्या घरच्यांनी त्यांच्या रीतीने लावलं. मंडळीत चर्चा झाली. चिंधाभाऊंचं म्हणणं पडलं की संदीपने सर्वांसमोर पश्चात्ताप करेपर्यंत त्याला मेजापासून दूर ठेवावं. भाईदासने मान डोलावली. घरचाच माणूस म्हणून त्याला सूट मागता येईना. संदीपला मात्र हे कोणी जाऊन सांगितलं नाही. ते भाईदासने सांगायचं होतं. आज सांगतो, उद्या सांगतो करत त्याने सांगितलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी संदीप नव्या बायकोला घेऊन उपासनेला आला. भाईदास तबक घेऊन त्यांच्या ओळीपाशी आला. संदीपने हात पुढे केला. भाईदासने तबक मागे घेतलं आणि पुढच्या माणसासमोर धरलं.

रंजना बायकांच्या बाजूला बसली होती. तिने ते पाहिलं. संदीपचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने तो मांडीवर ठेवला. उपासना संपेपर्यंत तो उठला नाही. मग बायकोला घेऊन गेला तो पुन्हा आला नाही. आईच्या मातीलाही आला नाही.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तबक भाईदाससमोर आलं तेव्हा त्याने ते न घेता पुढे दिलं. त्याला कोणी अडवलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तेच झालं, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग त्याने वडिलाचं काम सोडलं. लोकांना वाटलं, लूमची पाळी झेपत नसेल. रंजनाने एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मला जात नाही घशाखाली. तेव्हा घसा चांगला होता. एकदा तो हजीऱ्याला संदीपच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला, हे तिला फार उशिरा कळलं.

मोरीतून येऊन ती त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, पाळकसाहेबांना बोलावते.

"पह्यले संदीप," तो म्हणाला.

तिने फोन लावले. संदीपने एकही उचलला नाही. मग एका सकाळी सुभद्राबाईंना खाटेपाशी बसवून, त्यांना सिरिंज दाखवून ती बसने हजीऱ्याला निघाली. इच्छापोर मागे पडल्यावर रस्ता सगळा ट्रकांचा झाला आणि बस मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. तिच्या मनात एकच होतं, आपण इथे असताना तिकडे नळी निघाली तर काय.

संदीप पाळी संपवून कंपनीच्या गेटबाहेर आला तेव्हा तिने त्याला हाक मारली. तो थांबला. पोट सुटलं होतं, कानशिलांवर केस पांढरे झाले होते. त्याने तिला गेटसमोरच्या टपरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. तिने सगळं सांगितलं. गाठ, नळी, वास, सगळं. तो खाली बघत ऐकत राहिला. किती दिवस म्हणतात, एवढं विचारलं. ती म्हणाली, दिवस कोणी सांगत नाही, पण फार नाहीत. मग ज्यासाठी आली होती ते तिने सांगितलं, प्रभुभोजन घेण्याआधी त्यांना तुमची माफी हवी आहे.

संदीपने चहाचा पेला बाजूला सरकवला.

"सरस्वतीला मी सांगून आणलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "तिला म्हटलं होतं, आमच्यात एका भाकरीतलं सगळ्यांना मिळतं. कोणाचं ताट वेगळं नसतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, मग हे काय होतं?"

"आपलं चुकलं ते त्यांना पटलंय. कधीचंच पटलंय. तेही घेत नाहीत तेव्हापासून."

"मग यायचं होतं. हजीरा काय परदेशात आहे?"

ती म्हणाली, कोपऱ्यापर्यंत आले होते. संदीप हसल्यासारखा झाला.

"आता मरतोय म्हणून मी माफ करायचं?"

"हो," रंजना म्हणाली. "म्हणूनच. दुसरं काही नाही."

तिने त्याचा हात धरला. टपरीवरची माणसं बघत होती. ती म्हणाली, येऊ नका, नुसतं फोनवर एक शब्द बोला, मी फोन त्यांच्या कानाला धरते. त्याने हात सोडवून घेतला नाही, पण मान हलवली.

"मी तोंडाने म्हणेन आणि आत तसंच राहील. ते करून काय करू? तुम्हाला त्याला काय सांगायचं ते सांगा, वहिनी. मी आडवा येणार नाही. पण कोणी मला विचारलं तर मी हो म्हणणार नाही."

परतीच्या बसमध्ये तिला उभं राहावं लागलं. एका हाताने दांडी धरून ती सगळा रस्ता प्रार्थना करायचा प्रयत्न करत होती आणि शब्द येत नव्हते. उधन्याला उतरेपर्यंत तिने काही ठरवलं नव्हतं. पण दार उघडलं तेव्हा भाईदास कोपरावर रेलून दाराकडेच बघत होता. पाठीला जखमा झाल्या होत्या, तसं रेलणं त्याला सोसत नव्हतं, तरी तो रेलला होता. सुभद्राबाई म्हणाल्या, सकाळपासून असंच चाललंय, पडून राहा म्हटलं तर ऐकत नाहीत.

"माफ केलं म्हणाले," रंजना म्हणाली. "रजा मिळाली की येतो म्हणाले."

तो खाली पडला. उरलेल्या अर्ध्या तोंडाने रडणं कसं असतं ते तिने त्या दिवशी पाहिलं. तिने त्याचे डोळे पुसले, हनुवटीवरून गळणारी लाळ पुसली, आणि त्याच फडक्यात स्वतःचं तोंड झाकलं.

पाळकसाहेब नवीन होते. एलिया त्यांचं नाव, दोन वर्षांपूर्वी नवापूरकडून आलेले. जुनी गोष्ट त्यांनी लोकांकडून ऐकली होती. रंजना त्यांच्याकडे गेली तेव्हा ते लगेच येतो म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की भाईदास गिळू शकत नाही.

त्यांनी चिंधाभाऊंना विचारलं. चिंधाभाऊंचं म्हणणं स्पष्ट होतं. प्रभूने घ्या, खा म्हटलं आहे. खाणं म्हणजे तोंडाने खाणं. नळीतून जातं ते औषध. शिवाय जो माणूस इतकी वर्षं आपणहून मेजापासून दूर राहिला, त्याने आधी मंडळीसमोर कारण सांगायला हवं. फार तर भाकर ओठाला लावा आणि प्रार्थना करून या. हे ऐकून रंजना पाळकसाहेबांच्या ओट्यावर खाली बसली.

"ओठाला काय लावणार?" ती म्हणाली. "त्यांना ओठ कुठे राहिलाय त्या बाजूला?"

पाळकसाहेब तिच्याजवळ पायरीवर बसले. म्हणाले, मला शिकवलं ते असं की ही आठवण आहे, प्रभूच्या मरणाची. आठवणच असेल तर तोंड काय आणि नळी काय, फरक पडत नाही. पण मग वाटतं, नुसती आठवणच असेल तर भाईदासभाऊंना ती आहेच की, खाटेवर पडल्या पडल्या. मग ते मागतायत काय?

"भूक लागल्यासारखं मागतात," रंजना म्हणाली. "मला एवढंच कळतं."

पाळकसाहेब म्हणाले, शनिवारी दुपारी येतो. चिंधाभाऊंना काय सांगायचं ते मी बघेन. मग थांबून त्यांनी विचारलं, संदीपचं काय झालं. तो समेट झाल्याशिवाय भाईदासभाऊ घेणार नाहीत असं ऐकलंय. रंजना म्हणाली, झाला.

शनिवारी तिने खोली पुसून घेतली, उदबत्ती लावली, जखमेवरची पट्टी बदलली. पट्टी बदलताना रक्त आलं, ते बराच वेळ थांबेना. भाईदासने इस्त्रीचा शर्ट मागितला. हात वर होत नव्हते म्हणून तिने शर्ट पुढून अंगावर पसरला आणि कॉलर नीट केली.

पाळकसाहेब डबा घेऊन आले. स्टुलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर घरी भाजलेली पातळ भाकर आणि छोटा पेला ठेवला. खोलीतला वास त्यांनाही लागला असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पलीकडच्या गल्लीत लूम चालू होते, त्यामुळे त्यांना आवाज चढवून प्रार्थना करावी लागली. मग रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, आपली स्वतःची परीक्षा केली आहे का, कोणाशी समेट व्हायचा राहिला आहे का.

भाईदास रंजनाकडे बघून बोलला. पाळकसाहेबांना कळलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिला ते सांगावंच लागलं. "म्हणतात, संदीपने माफ केलंय."

पहिल्यांदा बोलली ते खाटेवरच्या माणसाचे डोळे बघून बोलली होती. आता पांढऱ्या कापडासमोर बोलली.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. प्रभू पकडला गेला त्या रात्री त्याने काय केलं, तो काय म्हणाला, ते सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं. भाईदासचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. त्याला ते पाठ होतं. मग पाळकसाहेबांनी चिमूटभर भाकर घेतली, वाटीत द्राक्षरसात कुस्करली, चमच्याने घोटली, आणि सिरिंजकडे बघत थबकले.

"ताई, तुम्हीच द्या," ते म्हणाले. "मला हे जमायचं नाही."

हे तिने धरलंच नव्हतं. ती नाही म्हणू शकली नाही. तिने रस कापडातून गाळावा का असा विचार केला, मग भाकर वरच राहील म्हणून गाळला नाही. सिरिंज भरली, नळीचं तोंड उघडलं आणि सोडायला लागली. जांभळा रस नळीतून सरकताना दिसत होता. मध्ये भाकरीचा एक कण अडला. तिने दट्ट्या दाबला नाही. नळी दोन बोटांत धरून चोळत राहिली, तो कण सुटेपर्यंत. शेवटी थोडं पाणी सोडलं आणि नळी बंद केली.

भाईदासने पोटावर हात ठेवला. चेहरा सैल झाला होता. इतक्या महिन्यांत तिने तो तसा पाहिला नव्हता, आणि तिला वाटलं, झालं, आता मला नरकात जावं लागलं तरी चालेल.

पाळकसाहेबांनी स्वतः भाकर घेतली आणि तुकडा तिच्यासमोर धरला.

तिने मान हलवली. पाळकसाहेबांना वाटलं, ती दमली आहे. त्यांनी पुन्हा धरला. ती एक पाऊल मागे सरली आणि हात पाठीमागे नेले. लहानपणापासून ऐकलेलं तिच्या डोक्यात होतं की जो अयोग्यपणे हे घेतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. नवऱ्यासाठी ती खोटं बोलली होती. त्यावर हे खाण्याची तिची छाती नव्हती.

भाईदास तिच्याकडे बघत होता. हातातलं पुढे देऊन टाकणं त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"त्यानं नही सांगं ना?" तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी विचारलं, काय म्हणतात? भाईदासने तेच पुन्हा विचारलं. तिने खाली बघून मान हलवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग पाळकसाहेबांना तिने सगळं सांगितलं, टपरीवरचं, बसमधलं. सांगताना ती रडली नाही. म्हणाली, मी तिकडून रिकाम्या हाताने आले होते. हे असे दाराकडे बघत होते.

भाईदासने तोंड भिंतीकडे वळवलं. नळी ताणली गेली, पण तिला उठून ती सैल करायचा धीर झाला नाही. पोटातलं आता काढता येत नव्हतं. पाळकसाहेब स्टुलाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच सोडून दिली. बाहेर भाजीवाली ओरडत गेली.

मग भाईदासने हात मागे केला आणि बोटांनी काहीतरी मागितलं. रंजनाला वाटलं, फडकं हवंय. ते नव्हतं. तो भाकर मागत होता. पाळकसाहेबांनी घाबरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, तो ती तोंडात घालणार, आणि घातली असती तर तो गुदमरला असता. पण त्याने तुकडा तळहातावर घेतला, खाटेवर कसाबसा वळला आणि हात तिच्यासमोर धरला.

"त्याले दिधं नही मी," तो म्हणाला. "तू ले."

ती बसल्या जागेवरून सरकत खाटेपाशी आली. त्याच्या हातातून तुकडा घेतला आणि तोंडात ठेवला. तोंड कोरडं पडलं होतं, भाकर चिकटून बसली. पाळकसाहेबांनी पेला दिला तरी ती गिळायला तिला कितीतरी वेळ लागला.

पाळकसाहेबांनी तेव्हा विचारलं नाही की भाऊ काय म्हणाले. जाताना दारात विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. ते म्हणाले, मी आज बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही, ताई. ती म्हणाली, मलाही नाही.

त्यानंतर भाईदास तिच्याशी फार बोलला नाही. राग होता की बळ नव्हतं, ते तिला कळलं नाही. तिने दोनदा विचारलं, चुकले का मी? एकदा त्याने डोळे मिटून घेतले. एकदा तिचं मनगट धरलं, पण तेव्हा दुखत होतं म्हणूनही धरलं असेल. सोमवारी पहाटे मानेतली शीर फुटली. घरातली सगळी फडकी, तिच्या दोन साड्या भिजल्या आणि तिने हाताने दाबून धरलं तरी थांबलं नाही. सुभद्राबाईंनी तिला ओढून बाजूला केलं तेव्हा तो गेलेला होता.

तिने संदीपला फोन केला. सरस्वतीने उचलला. रंजनाने माती किती वाजता ते सांगितलं आणि ठेवून दिला.

कबरस्तानात मंडळीची माणसं आली. चिंधाभाऊ आले, त्यांनी खांदाही दिला. पाळकसाहेबांनी वचनं वाचली. पेटी खाली उतरवली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. रंजना कबरीपाशी उभी असताना तिला फाटकाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा असलेला संदीप दिसला. कंपनीचा ड्रेस तसाच अंगावर होता. सरस्वती त्याच्या बाजूला होती. दोघं आत आली नाहीत.

लोक पांगल्यावर ती फाटकाशी गेली. सरस्वतीने पुढे होऊन तिला धरलं, काही बोलली नाही. संदीप जागचा हलला नाही.

"भाऊजी, मी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही माफ केलं," रंजना म्हणाली.

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे. त्यांनाही कळलं शेवटी."

संदीपने हँडलवरचा हात काढला. "कळलं? मग काय म्हणाला?"

तिने प्रभुभोजनाचं सांगितलं. नळीचं, अडलेल्या कणाचं, भिंतीकडे फिरवलेल्या तोंडाचं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्यासाठी काही निरोप ठेवला? त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता, शाळेतून येऊन काही मागायचा तेव्हा व्हायचा तसा. त्यांनी तुमची आठवण काढली, तुमची माफी मागितली, असं म्हणणं तिला सोपं होतं. ते शब्द तिच्या तोंडाशी आले होते.

"निरोप नाही," ती म्हणाली. "कळल्यावर तुमचं नावही घेतलं नाही. मला भाकर दिली तेव्हा एवढंच म्हणाले, त्याले दिधं नही मी."

संदीप मोटारसायकलपासून बाजूला झाला.

"नाही दिलं," तो म्हणाला. "हो. नाही दिलं त्याने."

तो फाटकातून आत गेला. कबरीपाशी पोचला तेव्हा माती सारखी करणारी माणसं अवजारं उचलून निघाली होती. तो तिथे उभा राहिला. बसला नाही, वाकला नाही, माती घेतली नाही. तो रडतोय का, ते इतक्या लांबून रंजनाला दिसत नव्हतं. सरस्वती म्हणाली, जाऊ का मी त्यांच्याकडे? रंजना म्हणाली, राहू दे.

अंधारायला लागलं तसा रखवालदार आला आणि फाटक बंद करायचं आहे म्हणाला. रंजनाने त्याला गुजरातीत थोडी वाट बघायची विनंती केली. तो कुरकुरत कुलूप हातात घेऊन उभा राहिला. मग ती स्वतःच कबरीपर्यंत गेली आणि संदीपला म्हणाली, चला, फाटक लावायचंय.

"थोडं थांबा, वहिनी," तो म्हणाला.

ती त्याच्या बाजूला थांबली.